बसवलंय, पण चालत नाही

“सर, सिग्नल पॅकेज बसवलंय, पण चालत नाही.”

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला हे वाक्य दर सत्रात कानावर येतं. गेल्या खेपेला ते एका विद्यार्थिनीच्या तोंडून आलं. तिने ग्नू ऑक्टेव्ह हे सॉफ्टवेअर आदल्या संध्याकाळी विंडोजच्या लॅपटॉपवर बसवलं होतं. फिल्टरचा प्रयोग करायला घेतला आणि पहिल्याच ओळीला एरर आली. तिने सिग्नल पॅकेज काढून पुन्हा बसवलं. पुन्हा तीच एरर. मग अख्खं ऑक्टेव्हच काढून टाकलं, नव्याने डाउनलोड केलं, त्यात रात्रीचा दीड वाजला. सकाळी तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला तेव्हा पडद्यावर तीच एरर होती, आणि चेहऱ्यावर “मला हे जमणारच नाही” असा भाव.

मी तिला म्हटलं, “ही एरर मला मोठ्याने वाचून दाखव.”

तिने वाचली. त्या इंग्रजी ओळींचा अर्थ असा होता: ‘बटर’ हे फंक्शन सिग्नल पॅकेजमधलं आहे. ते पॅकेज तुमच्याकडे बसवलेलं आहे, पण लोड केलेलं नाही. लोड करण्यासाठी ‘पीकेजी लोड सिग्नल’ ही आज्ञा द्या. वाचता वाचताच ती थांबली. आज्ञा टाइप केली, एंटर दाबलं आणि प्रयोग सुरू झाला.

रोग आणि औषध दोन्ही त्या तीन ओळींत लिहिलेलं होतं. तिचं जागरण अज्ञानामुळे झालं नव्हतं. डाउनलोड करणं, इन्स्टॉल करणं आणि लोड करणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वैज्ञानिक सॉफ्टवेअर बसवताना होणारी बरीचशी दमछाक याच एका गोष्टीतून येते. म्हणून ती आज जरा सविस्तर पाहू.

पाठ्यपुस्तकाच्या सोबतीला आलेलं सॉफ्टवेअर

ऑक्टेव्ह हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर आहे. मॅट्रिक्सचे गुणाकार, समीकरणांची उत्तरं, आलेख, सिग्नलचं विश्लेषण अशी कामं ते करतं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, म्हणजे विनामूल्य तर मिळतंच, शिवाय त्याचा प्रोग्राम उघडून वाचता येतो आणि बदलताही येतो. त्याची भाषा मॅटलॅबशी बरीचशी जुळते. मॅटलॅब क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलं. विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न शिकता मॅट्रिक्सचं गणित करता यावं, हा त्यामागचा हेतू होता. १९८४ मध्ये मॅथवर्क्स ही कंपनी निघाली आणि मॅटलॅब विकलं जाऊ लागलं.

ऑक्टेव्हचा जन्म केमिकल इंजिनीअरिंगच्या वर्गातला. १९८८ च्या सुमारास अमेरिकेत रासायनिक अभिक्रियापात्रांच्या आराखड्यावर एक पाठ्यपुस्तक तयार होत होतं आणि त्याच्या जोडीला विद्यार्थ्यांसाठी सॉफ्टवेअर असावं, अशी कल्पना पुढे आली. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये प्रत्यक्ष लिहायला सुरुवात केली. १.० ही आवृत्ती फेब्रुवारी १९९४ मध्ये आली. ऑक्टेव्ह हे नाव संगीतातल्या सप्तकावरून आलेलं नाही. ईटन यांचे शिक्षक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांच्यावरून ते ठेवलेलं आहे. अवघड गणिताचं झटपट, अंदाजे उत्तर काढण्यात या शिक्षकांचा हातखंडा होता. आपल्याकडे केमिकल इंजिनीअरिंग केलेल्या कुणालाही लेव्हनस्पील हे नाव ठाऊक असतं, कारण रिअ‍ॅक्शन इंजिनीअरिंगवरचं त्यांचं पुस्तक आपल्या महाविद्यालयांतही पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं आहे.

ऑक्टेव्हच्या मूळ पेटीत सर्वसाधारण गणित असतं. खास विषयांची हत्यारं वेगळ्या पॅकेजमध्ये मिळतात: सिग्नल, कंट्रोल, इमेज, स्टॅटिस्टिक्स, सिम्बॉलिक वगैरे. मॅटलॅबमध्ये यांनाच टूलबॉक्स म्हणतात. फोटोवर प्रक्रिया करायची असेल तर इमेज हवं, फिल्टर बनवायचा असेल तर सिग्नल हवं. ज्याला जे लागेल ते त्याने जोडून घ्यावं, अशी ही रचना आहे.

फडताळ आणि ओटा

आता ती तीन कामं. डाउनलोड म्हणजे सामान दुकानातून घरी आणणं. इन्स्टॉल म्हणजे ते निवडून, डब्यात भरून फडताळात लावणं. लोड म्हणजे स्वयंपाकाला बसताना तो डबा ओट्यावर काढून घेणं. पहिली दोन कामं एकदाच करायची असतात, तिसरं रोजचं आहे. ऑक्टेव्ह बंद करून पुन्हा उघडलं की ओटा रिकामा असतो आणि पॅकेज पुन्हा लोड करावं लागतं.

हे असं का ठेवलं असेल? डझनांनी पॅकेजेस एकदम ओट्यावर मांडली, तर सॉफ्टवेअर उघडायला वेळ लागेल. त्याहून मोठी अडचण नावांची आहे. दोन पॅकेजेसमध्ये एकाच नावाचं फंक्शन असू शकतं. नेमकं कोणतं चालेल याचा गोंधळ नको, म्हणून वापरणाऱ्याने लागेल तेवढंच काढून घ्यायचं.

ज्यांना रोज एकच पॅकेज लागतं त्यांच्यासाठी सोय आहे. घरच्या फोल्डरमध्ये ‘डॉट ऑक्टेव्हआरसी’ नावाची फाइल असते, नसेल तर ती बनवायची. ऑक्टेव्ह सुरू होताना ही फाइल वाचतं. तिच्यात ‘पीकेजी लोड सिग्नल’ ही ओळ लिहून ठेवली की पॅकेज दर वेळी आपोआप लोड होतं.

फडताळात काय आहे आणि ओट्यावर काय आहे, हे ऑक्टेव्हलाच विचारता येतं. ‘पीकेजी लिस्ट’ ही आज्ञा दिली की बसवलेल्या पॅकेजेसची यादी येते: नाव, आवृत्ती आणि ते कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता. ज्याच्या नावापुढे तारांकन आहे ते लोड झालेलं, ज्याच्यापुढे नाही ते नुसतं फडताळातलं. त्या विद्यार्थिनीच्या यादीत सिग्नल होतं, पण तारांकन नव्हतं. आणखी एक गोष्ट तेव्हा तिच्या लक्षात आली. ऑक्टेव्हच्या विंडोज इन्स्टॉलरसोबत सिग्नलसह अनेक पॅकेजेस आधीच येतात. जे तिने रात्रभर पुन्हा पुन्हा बसवलं, ते पहिल्या इन्स्टॉलपासूनच लॅपटॉपवर होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

चार प्रश्न, याच क्रमाने

काही चालेनासं झालं की आपला हात पहिल्यांदा ‘काढून टाका, पुन्हा बसवा’ याकडे जातो. दुखणं कुठे आहे ते न पाहता केलेला हा उपाय म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. त्याऐवजी यंत्राला क्रमाने चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: वस्तू घरात आली आहे का?

‘पीकेजी लिस्ट’मध्ये नावच नसेल, तर पॅकेज बसलेलं नाही. ‘पीकेजी इन्स्टॉल’ या आज्ञेला उणे-चिन्हासह ‘फोर्ज’ हा पर्याय आणि पॅकेजचं नाव जोडलं, की ऑक्टेव्ह स्वतः इंटरनेटवरून फाइल आणून बसवतं. घरी हे सहसा बिनबोभाट होतं. महाविद्यालयांच्या आणि कार्यालयांच्या नेटवर्कवर मात्र प्रॉक्सी किंवा फायरवॉल आड येते आणि डाउनलोड होऊ शकलं नाही, असं उत्तर मिळतं. यात पॅकेजचा किंवा आपला काही दोष नसतो. अशा वेळी ब्राउझरमधून पॅकेजची ‘टार डॉट जीझेड’ फाइल उतरवून घ्यावी, ऑक्टेव्हमध्ये त्या फोल्डरमध्ये जावं आणि ‘पीकेजी इन्स्टॉल’च्या पुढे त्या फाइलचं पूर्ण नाव लिहावं. ही फाइल उघडायची नाही, आहे तशी द्यायची. पेनड्राइव्हवरून आणलेली फाइलही अशीच बसते, त्यामुळे जिथे इंटरनेट कधी असतं, कधी नसतं, तिथे हा मार्ग फार उपयोगी पडतो. फाइलचा आकार मात्र बघून घ्यावा. कधी कधी पॅकेजऐवजी ‘लॉगिन करा’ सांगणारं पान त्याच नावाने सेव्ह झालेलं असतं आणि ते अर्थातच बसत नाही.

दुसरा प्रश्न: तिच्यासोबतची मंडळी आली आहेत का?

सॉफ्टवेअर सहसा एकटं येत नाही. सिग्नल पॅकेजला कंट्रोल पॅकेज लागतं. कंट्रोल नसताना सिग्नल बसवायला गेलं, की ‘पुढील अवलंबित्वं पूर्ण झालेली नाहीत: सिग्नलला कंट्रोल हवं’ अशा अर्थाची एरर येते. उत्तर एररमध्येच आहे: आधी कंट्रोल बसवा, मग सिग्नल.

लिनक्सवर ही साखळी आणखी खोल जाते. तिथे पॅकेज मूळ प्रोग्रामच्या रूपात उतरतं आणि आपल्याच संगणकावर कम्पाइल होतं, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मजकुराचं यंत्राला चालेल असं रूप तिथल्या तिथे बनतं. कंट्रोलच्या पोटात स्लायकॉट ही फोर्ट्रानमध्ये लिहिलेली लायब्ररी आहे, म्हणून फोर्ट्रानचा कम्पायलर लागतो. ‘एमके-ऑक्ट-फाइल’ नावाचं ऑक्टेव्हचं छोटं हत्यार लागतं. ते नसेल तर ‘मेक चालवताना चूक झाली’ एवढीच एक कोरडी ओळ शेवटी दिसते. उबंटूवर हे हत्यार आवृत्तीनुसार ‘ऑक्टेव्ह-डेव्ह’ किंवा ‘लिबऑक्टेव्ह-डेव्ह’ या पॅकेजमध्ये मिळतं. ज्याला हा खटाटोप नको त्याने उबंटूच्याच भांडारातून ‘ऑक्टेव्ह-सिग्नल’ हे तयार, आधीच कम्पाइल केलेलं पॅकेज घ्यावं. ते येताना कंट्रोललाही सोबत घेऊन येतं.

ही साखळी म्हणजे कुणाचा हलगर्जीपणा नव्हे. ऑक्टेव्ह मॅट्रिक्सचं गणित स्वतः नव्याने करत बसत नाही. त्यासाठी ब्लास आणि लॅपॅक या लायब्रऱ्या आहेत. फूरिये रूपांतरासाठी एमआयटीमध्ये लिहिलेली एफएफटीडब्ल्यू आहे. लॅपॅकची पहिली आवृत्ती १९९२ ची. तेव्हापासून जगभरच्या गणितज्ञांनी ती तपासली, सुधारली, घासूनपुसून घेतली. आपण एका ओळीत समीकरणं सोडवतो तेव्हा ही सगळी मेहनत आपल्या हाताखाली राबत असते. इतक्या जणांच्या खांद्यावर उभं राहायचं, तर ते सगळे जागेवर आहेत ना, एवढं पाहावंच लागतं.

तिसरा प्रश्न: ती यंत्राला दिसते आहे का, आणि दिसते ती तीच आहे का?

ऑक्टेव्हला एखादं नाव सांगितलं की ते आधी चालू फोल्डरमध्ये बघतं, मग ठरलेल्या फोल्डरांच्या यादीत क्रमाने शोधतं. या यादीला पाथ म्हणतात. पॅकेज लोड करणं म्हणजे मुख्यतः त्याचं फोल्डर या यादीत घालणं. मित्राने नुसतं झिप फोल्डर दिलं असेल, तर ते आधी उघडून ‘अ‍ॅडपाथ’ आज्ञेने आपण यादीत घालतो. पण अ‍ॅडपाथ त्या बैठकीपुरतंच टिकतं. कायम राहावं असं वाटत असेल तर त्यानंतर ‘सेव्हपाथ’ द्यावं लागतं. काल चाललं आणि आज चालत नाही, या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं.

याहून फसवा प्रकार म्हणजे नावाची टक्कर. सरासरी काढण्यासाठी ऑक्टेव्हमध्ये ‘मीन’ हे फंक्शन आहे. एखाद्या विद्यार्थ्याने सरावासाठी स्वतःचा प्रोग्राम लिहिला आणि फाइलला तेच नाव दिलं, तर चालू फोल्डर आधी बघण्याच्या नियमामुळे ऑक्टेव्ह त्याचीच फाइल चालवतं. मग ‘मीन’ वापरणारी दुसरी फंक्शन्सही कोलमडतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुपचाप चुकीचं उत्तर देतात. तुमची फाइल मूळ फंक्शनला झाकते आहे, अशी सूचना ऑक्टेव्ह देतं, पण ती एरर नसते, काम पुढे चालू राहतं आणि सूचना नजरेआड होते. यावरचा उपाय म्हणजे ‘विच’ ही आज्ञा. ‘विच बटर’ विचारलं की हे फंक्शन कोणत्या फोल्डरमधल्या कोणत्या फाइलमधून येतंय, ते ऑक्टेव्ह पूर्ण पत्त्यासह सांगतं. पत्त्यात सिग्नल पॅकेजचं नाव दिसलं तर ठीक, आपल्या डेस्कटॉपचं नाव दिसलं तर गडबड तिथेच आहे.

फाइलच्या नावाचे आणखी दोन नियम ध्यानात ठेवावेत. नावाची सुरुवात आकड्याने करू नये आणि नावात उणे-चिन्ह घालू नये, कारण उणे-चिन्ह दिसलं की ऑक्टेव्ह वजाबाकी करायला जातं. सॉफ्टवेअर आणि प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये ठेवाल त्याच्या पत्त्यात रिकाम्या जागा नसाव्यात आणि नाव साध्या रोमन अक्षरांत असावं. देवनागरी नावाचं फोल्डर आज विंडोज आनंदाने बनवू देतं, पण जुन्या वळणाने लिहिलेली बरीच वैज्ञानिक हत्यारं अशा पत्त्यावर अडखळतात.

कधी एकाच संगणकावर दोन ऑक्टेव्ह नांदत असतात: एक उबंटूच्या भांडारातलं, दुसरं फ्लॅटपॅक किंवा स्नॅपने आणलेलं. भांडारातून बसवलेलं पॅकेज पहिल्याला दिसतं, दुसऱ्याला दिसत नाही. एकात बसवून दुसऱ्यात शोधत बसलं तर दिवस जातो. संगणकावर एकच ऑक्टेव्ह ठेवावं, हे बरं.

चौथा प्रश्न: ती या आवृत्तीची आहे का?

पॅकेजमध्ये दोन प्रकारच्या फाइल्स असतात. ‘डॉट एम’ फाइल म्हणजे साधा मजकूर, तो कुठेही वाचला जातो. ‘डॉट ऑक्ट’ फाइल कम्पाइल केलेली असते आणि ज्या ऑक्टेव्हसाठी ती बनली त्याच्याशीच तिचं जमतं. म्हणून ऑक्टेव्हची मोठी आवृत्ती बदलली की पॅकेजेस पुन्हा बसवावी लागतात. जुन्या आवृत्तीचं फोल्डर कॉपी करून नवीत टाकलं, तर अर्धी फंक्शन्स चालतात आणि अर्धी नाहीत, असा कोड्यात टाकणारा अनुभव येतो. चालली ती डॉट एम, अडली ती डॉट ऑक्ट.

चारही प्रश्नांची उत्तरं बरोबर आली आणि तरीही गाडी अडलेलीच असेल, तर ऑक्टेव्ह ‘नोआरसी’ या पर्यायासह सुरू करून बघावं. मग ते आपली सुरुवातीची कोणतीही फाइल न वाचता कोऱ्या पाटीने उघडतं. असं उघडल्यावर सगळं चाललं, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये नसून आपण कधीतरी त्या फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या एखाद्या ओळीत आहे.

एरर कशी वाचावी

कम्पाइल होताना शेकडो ओळी पडद्यावरून वाहून जातात आणि शेवटी एक एरर उरते. आपण तीच ओळ कॉपी करून मदत मागतो. पण ‘मेक चालवताना चूक झाली’ हा परिणाम आहे. कारण त्याच्या वर कुठेतरी आहे, बहुतेकदा ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा जिथे आला तिथे. म्हणून वर सरकत जावं आणि पहिली एरर शोधावी. ‘फाइल सापडत नाही’ दिसलं तर दुसरा प्रश्न. ‘फंक्शन माहीत नाही’ दिसलं तर तिसरा. ‘डॉट ऑक्ट’ फाइल उघडता येत नाही म्हटलं तर चौथा.

मदत मागतानाही हीच शिस्त ठेवावी. “चालत नाही” या दोन शब्दांवर कुणालाच काही सांगता येत नाही. संगणक विंडोज आहे की लिनक्स, ऑक्टेव्हची आवृत्ती कोणती, ‘पीकेजी लिस्ट’ काय दाखवतं, कोणती ओळ टाइप केली आणि एररचा पूर्ण मजकूर काय, एवढं द्यावं. मोबाइलवर काढलेला अर्धा फोटो देऊ नये, मजकूर द्यावा. हे सगळं गोळा करता करताच निम्म्या लोकांना आपली चूक आपणच सापडते, असा माझा अनुभव आहे.

शितावरून भाताची परीक्षा

एरर आली नाही म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर बसलं, असं नाही. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे, असं एक छोटं गणित त्याला घालावं. सिग्नल पॅकेजसाठी मी नेहमी एकच गणित देतो.

‘बटर’ हे नाव स्टीफन बटरवर्थ या ब्रिटिश अभियंत्यावरून आलं. त्यांनी १९३० मध्ये ज्या फिल्टरचं वर्णन केलं, त्याचे सहगुणक हे फंक्शन काढून देतं. त्याला दोन आकडे द्यायचे: फिल्टरची कोटी २ आणि छेद-वारंवारता ०.२. हा ०.२ म्हणजे नमुने घेण्याच्या वेगाच्या निम्म्याचा पाचवा भाग. सेकंदाला १,००० नमुने घेत असू, तर निम्मे ५०० आणि त्याचा पाचवा भाग १०० हर्ट्झ. १०० च्या खालच्या लहरी जाऊ द्यायच्या आणि वरच्या दाबायच्या, असा हा फिल्टर.

उत्तरात आकड्यांच्या दोन ओळी येतात. पहिलीत ०.०६७४५५, ०.१३४९११ आणि ०.०६७४५५. दुसरीत १.००००, उणे १.१४३० आणि ०.४१२८. आता कागद-पेन्सिल घ्या आणि दोन्ही ओळींची वेगवेगळी बेरीज करा. पहिलीची ०.२६९८ येते, दुसरीचीही ०.२६९८. हा योगायोग नाही. कमी वारंवारतेच्या लहरी जाऊ देणाऱ्या फिल्टरने अजिबात न बदलणारा, स्थिर सिग्नल जसाच्या तसा पुढे दिला पाहिजे. स्थिर सिग्नल किती पटीने बाहेर पडेल ते या दोन बेरजांच्या भागाकाराने ठरतं, आणि तो भागाकार १ यायलाच हवा. पॅकेज बसलं आहे, लोड झालं आहे आणि योग्य तेच फंक्शन चालतंय, या तिन्ही गोष्टींची खात्री या एका बेरजेने होते. लेव्हनस्पील यांची अंदाजी गणितांची परंपरा आपण अशी पुढे नेऊ शकतो.

याहून सखोल तपासणी हवी असेल तर ‘टेस्ट बटर’ अशी आज्ञा द्यावी. फंक्शन लिहिणाऱ्यांनी फाइलच्या तळाशी ठेवलेल्या चाचण्या ऑक्टेव्ह चालवून बघतं आणि किती उत्तीर्ण झाल्या ते सांगतं.

आवृत्ती हीसुद्धा नोंद आहे

ही सगळी काळजी केवळ प्रयोग एकदाचा चालावा म्हणून घ्यायची नाही. एमआरआयच्या चित्रांवरून मेंदूच्या भागांचं आकारमान मोजणारं फ्रीसर्फर नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आणि वेगवेगळे संगणक वापरून तीच चित्रं पुन्हा मोजली तर काय होतं, याचा अभ्यास २०१२ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात आला. आवृत्ती ५.०.० आणि तिच्या आधीच्या दोन आवृत्त्या यांच्या उत्तरांत आकारमानाचा सरासरी ८.८ टक्के फरक निघाला. माणसं तीच, चित्रं तीच, फक्त सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी. आजाराने मेंदू किती आक्रसला हे मोजणाऱ्या संशोधकासाठी एवढा फरक निष्कर्षच उलटवू शकतो.

म्हणून प्रयोगवहीत तापमान लिहितो, उपकरणाचा क्रमांक लिहितो, तशीच सॉफ्टवेअरची आणि प्रत्येक पॅकेजची आवृत्ती लिहावी. ऑक्टेव्हमध्ये ‘व्हर’ एवढी आज्ञा दिली की ही माहिती एकत्र मिळते. ती पहिल्या पानावर चिकटवून ठेवायला मिनिटभर लागतं.

हत्यार कोणतंही असो

हे चार प्रश्न फक्त ऑक्टेव्हचे नाहीत. फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेत जन्मलेल्या सायलॅबमध्ये टूलबॉक्स ‘अ‍ॅटम्स’ या व्यवस्थेतून येतात. तिथे इन्स्टॉल केल्यावर सायलॅब बंद करून पुन्हा उघडायचं असतं, की टूलबॉक्स आपोआप लोड होतो. पायथनमध्ये नमपाय किंवा सायपाय ‘पिप’ने बसतं आणि ‘इम्पोर्ट’ने लोड होतं. ‘मॉड्यूल सापडत नाही’ ही तिथली नेहमीची एरर पुष्कळदा संगणकावर दोन पायथन असल्यामुळे येते: एकात बसवलं, दुसरं चालवलं. भाषा बदलली, आज्ञा बदलल्या, पण प्रश्न तेच राहिले.

मराठीतून शिकणाऱ्यांनी एक साधन आवर्जून वापरावं. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने फॉसी आणि स्पोकन ट्युटोरियल हे प्रकल्प उभे राहिले. सायलॅब, पायथन यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर महाविद्यालयांत पोहोचावीत म्हणून ते काम करतात. स्पोकन ट्युटोरियलचे छोटे छोटे दृक्‌श्राव्य पाठ भारतीय भाषांत आहेत, त्यांत मराठीही आहे. पाठ बघत बघत शेजारच्या खिडकीत तीच आज्ञा स्वतः द्यायची, अशी त्यांची शिकवण्याची पद्धत आहे. एरर इंग्रजीत आली तरी तिच्यामागचा विचार आपल्या भाषेत एकदा कळला, की ती परकी वाटत नाही.

शिक्षकमित्रांना माझी एक विनंती आहे. आपल्या अभ्यासक्रमात पहिलं प्रात्यक्षिक थेट विषयाचं असतं आणि सॉफ्टवेअर ‘घरून बसवून या’ असं सांगितलेलं असतं. ज्याच्या घरी विचारायला कुणी आहे तो बसवून येतो. ज्याच्या घरी नाही, तो रात्री दीडपर्यंत जागतो आणि सकाळी “मला जमणार नाही” असं ठरवून टाकतो. ते त्याचं अपयश नाही, आपण न शिकवलेला एक धडा आहे. म्हणून पहिलं प्रात्यक्षिक बसवण्याचंच ठेवा. त्यात प्रत्येकाला ‘पीकेजी लिस्ट’ वाचू द्या, एक एरर मोठ्याने वाचायला लावा, आणि त्या सहा आकड्यांची बेरीज वहीत करून घ्या. त्या दोन तासांनी पुढचं अख्खं सत्र वाचेल.